जनावर शांत असावं

अवो ताई, न्हाय — ती पुडी परत पर्समधी ठेवू नका. हितं ठेवा, बाकड्यावर, माज्या नजरंसमोर. मी झाडू मारते म्हणून माजं लक्ष खाली असतंय असं वाटतंय समद्यांना, पर खाली बसलेल्या माणसाला पर्समधलं लई दिसतंय. शेजारणीनं दिल्यात म्हणता. झोपंच्या गोळ्या. अर्धी चुरून दुधातनं द्यायची, म्हंजे विमानात कुत्रं शांत राहतंय — असंच म्हणली ना ती? व्हय. असंच म्हणत्यात. त्या एका शब्दावर समदं बिघडतंय बघा. बसा, बसा. डॉक्टरसायबांना अजून येळ हाय, आत म्हशीचं चाललंय, आन् म्हशीचं काय लवकर उरकत न्हाय. नाव पुकारतील तुमचं.

आन् ही पेटी नागप्पाची. व्हय का न्हाय? मी दारातनंच वळखली. एवढी भोकं दुसरा कोण सुतार पाडतोय सोलापुरात? पार चाळणी करून ठेवलीया. थांबा, मोजू द्या — ह्या अंगाला वीस, त्या अंगाला वीस, मागं बारा — वर बी पाडल्यात व्हय? वर आठ. साठ झाली की वो. म्होरं जाळी हाय ती येगळीच. एवढ्याशा लोकरीच्या गुंड्याला साठ भोकं! माप घ्यायला घरी आला असंल. कुत्र्याला उभं केलं असंल, फिरवलं असंल, निजवलं असंल, आन् मग परत उभं केलं असंल. आन् जाताना इचारलं असंल — बाई, भोकं पुरतील का? — बघा, हसलात. समद्यांना इचारतो. मलाबी इचारतो. चार वर्सं झाली, जवा भेटंल तवा इचारतो. — काय? हितं येतोय? कडी बसवायची राहिली म्हणून? आत्ता? — न्हाय न्हाय, मला काय व्हतंय. येऊ दे की. साखर पेठंतनं यायला अर्धा तास तर लागंल.

तवर नियम ऐका. मला समदे तोंडपाठ हायत. वाचता येत न्हाय मला, पर तो भितीवर कागद दिसतोय न्हवं, तो मीच कंपौंडरच्या मागं लागून मराठीत लिहून घेतलाय. सोलापुरातनं विमानानं जनावर न्यायला येतंय कोण? वर्साकाठी एखादं. पर त्या एकासाठी कागद पायजे. पिसाळीची सुई टोचून महिना झाला पायजे — झालाय? बरं. दाखला मातुर ताजा लागतोय, आज घेताय ते ब्येस केलं, शिळा दाखला घिऊन गेलात तर पुण्यातनं परत लावतील. तिकिटाच्या टायमालाच सांगायचं की संगट जनावर हाय, आयत्या येळी काखंत मारून गेलात तर दारात उभं करत न्हायत. भर दुपारचं विमान घ्यायचं न्हाय, पेट्या बाहेर डांबरावर ठेवत्यात म्हणं, आपलं पाय भाजत्यात तर आतल्या जिवाचं काय व्हत असंल. तुमचं सकाळचं हाय? झ्याक. पेटीत तिला कान न टेकता उभं राहता आलं पायजे आन् गोल फिरता आलं पायजे. कुत्रं बसायच्या आदी फिरतंय, फिरल्याबिगार त्याला बसल्यागत वाटतच न्हाय. आदल्या सांजंपासनं पोटाला काय द्यायचं न्हाय, नुसतं घोटभर पाणी. वाटी तारंनं आवळून बांधायची, न्हायतर सांडती आन् बूड ओलं व्हतंय. आन् तुमची नेसून मळलेली साडी, तिचा तुकडा खाली हांतरायचा. न धुता! ऐकताय न्हवं? बायका चांगली धुऊन घडी करून घालत्यात. तिला तुमचा वास पायजे, साबणाचा काय करायचाय.

आन् आजपासनं पेटी घरात उघडी ठेवायची. दार लावायचं न्हाय. तिला वाटंल तवा आत जाईल, वाटंल तवा बाहेर येईल. दोन-चार दिस तिचं जेवण त्यातच द्यायचं. मंगळवारी जायाचं म्हणता, म्हंजे पाच दिस हायत. पुरत्यात. काय नाव हिचं? सोनई? — स्नोई. बरं बरं, स्नोई. हिला कोणती भाषा कळती? हसू नका वो, हे कागदावर न्हाय पर माजं मी सांगते. पेटीवर नाव-पत्ता लिहितात, वर बाण काढत्यात, तसं हेबी लिहा — हिला मराठी कळती, पाण्याला पाणी म्हणतात. तितं दिल्लीला हमाल काय बोलत असंल, देवाला ठावं. आमच्या जिपशीला कानडी कळायचं. नुसतं कानडी. 'बा इल्ली' म्हणलं की उड्या मारत यायची, आन् 'हिकडं ये' म्हणलं की बघत बसायची. मी कानडी शिकले ते तिच्यापायी. न्हायतर मी सांगोल्याकडची, मेंढरामागं फिरलेली, मला कुटलं कानडी.

जिपशी म्हंजे महानंदाबाईंची कुत्री, कानडी बोलणारं घर त्यांचं. मी त्यांच्याकडं चौदा वर्सं कामाला व्हते, हितंच, रेल्वे लाइनीला. साहेब बँकेत. त्यांची पोरगी तिसरीला असताना हे पिल्लू आणलं — तांबूस, आन् चारी पाय पांढरे, मोजं घातल्यागत. पोरीनं आणलं, पर वाढवलं कुणी? पोरगी शाळंत, बाई भजनी मंडळात, साहेब बँकेत. मी आन् जिपशी, दोघीच घरात. मी भांडी घासायची, ती माज्या पदरावर बसायची. उठायचं झालं तर तिला इचारून उठायचं. बाई म्हणायच्या, सोजरबाई, ही कुत्री आमची हाय का तुमची? मी म्हणायची, खाती तुमचं, ऐकती माजं. — बघा, ही पण बसली माज्या लुगड्यावर. वास येतोय हिला. कुत्र्याला समदं कळतंय.

मग दुष्काळानंतरच्या साली साहेबांची बदली झाली दिल्लीला. पोरगी म्हणली, जिपशी न्हाय तर मीबी न्हाय. दोन दिस जेवली न्हाय. साहेब म्हणले बरं, नेऊ. विमान कंपनीचा कागद आला टायपाचा, इंग्रजीत. नागप्पाला सांगून पेटी केली, मीच बोलावून आणलं त्याला, आमच्याच बोळात त्याचं दुकान, मागाचं लाकूडकाम करणारा माणूस. त्यानं कागदातलं माप साहेबांकडनं नीट समजून घेतलं आन् सागवानी पेटी केली. दोन्ही अंगाला बारा-बारा, चोवीस भोकं गिरमिटानं पाडली, आन् एकेक भोक आतनं कानशीनं घासलं, जिपशीचं नाक खरचटू नये म्हणून. मी बघत व्हते की. चोवीस पुरेशी व्हती ताई. कागदात लिहिलेल्यापरीस चार जास्तच व्हती.

पर जिपशी पेटीत राहीना. आमी चूक केली, पहिल्याच दिशी दार लावलं. असं रडली — असं रडली बघा, कुत्र्यागत न्हायच. आन् नखं. लाकडावर नखं ओढायची, आतनं. मी सैपाकघरात, आन् बाहेरनं ते खर्र, खर्र. मी कानात बोटं घातली तरी यायचं. अजून येतंय. हितं दवाखान्यात एखाद्या पेटीतलं मांजर जरा हललं तरी माजा हात झाडूवरच थांबतोय. बाई तो कागद घिऊन आल्या, म्हणल्या, सोजरबाई, अवघड हाय, ह्यात लिहिलंय — प्रवासाच्या वेळी जनावर शांत असावं. आरडाओरडा करणारं जनावर घेत न्हायत म्हणं. न्हाय घेतलं तर काय करायचं? तर म्हणल्या, सोडून जावं लागंल. कुटं सोडायचं, कुणाकडं — ते त्या बोलल्या न्हाईत. एवढंच वाचलं, तवर फोन वाजला, कागद टेबलावर पालथा पडला. त्याच्या पाठीवरबी लिहिलेलं व्हतं. ते कुणी वाचलंच न्हाय. हितं कामाला लागल्यावर दवाखान्यातला तसलाच कागद ह्या कंपौंडरनं मला वाचून दाखवला — झोपेचं वा गुंगीचं कोणतंही औषध देऊ नये, वर हवेत गेल्यावर त्या औषधानं दम कोंडतो. भितीवर तो सातवा नियम हाय. लाल शाईनं काढून घेतलाय मी.

तर मग — कुणीतरी तिला गोळी दिली. म्हंजे जायच्या दिशी सकाळी. कुणीतरी काय. ताई, तुमी पुडीवर हात कशाला ठेवलाय? काढा हात. — मी दिली. झालं? मी दिली. तुमच्यागत इंग्रजी गोळी नव्हती, आमची जुनी. बाळगोळी म्हणायचो आमी. अफूची असती. तुमी शिकलेल्या, तुमाला कसं ठावं असणार. गिरणीच्या चाळीत घरोघरी असायची, मिठाच्या बरणीशेजारी. आई गिरणीत गेली म्हंजे दिसभर मूल रडणार, मग बाजरीच्या दाण्याएवढी दुधात उगाळून बोटानं चाटवायची. त्याला आमच्यात मूल 'शांत करणं' म्हणतात. अफू कुणी म्हणत नव्हतं. शेजारीण इचारायची, शांत केलीस का पोराला? केली की. एवढंच. तर बाईंनी वाचलं, जनावर शांत असावं, आन् मला वाटलं — मला वाटलं, कागदातच लिहिलंय. सरकारी कागदात. पंचवीस वर्सांत मी त्या गोळीला हात लावला नव्हता, पर कागदातच लिहिलंय म्हणल्यावर! बोळाच्या टोकाला मल्लप्पा म्हणून म्हातारा व्हता, अफूचा परवानेवाला, त्याच्याकडनं कणभर मागून आणली. तिच्यासाठी आणली वो. तिला सोडून जाऊ नयेत म्हणून. तिनं माजं बोट चाटलं. शेपूट हलवत चाटलं. गाडीत बसंपातुर मान टाकली तिनं, आन् साहेब म्हणले, बघा, कशी शहाण्यासारखी झोपली.

आठ दिसांनी पत्र आलं. माज्या नावानं. मला वाचता येत न्हाय म्हणून मी नागप्पाच्या दुकानात गेले. त्यानं हातातली करवत ठेवली, चष्मा लावला, वाचायला लागला — सोजरबाई यांस, आम्ही सुखरूप पोचलो. जिपशी प्रवासातच शांत झाली. — आन् मी काय म्हणले ठावं हाय? मी हात जोडले. म्हणले, बरं झालं बाई! देव पावला! हसले मी ताई, मोठ्यानं हसले. मला वाटलं, गोळी लागू पडली. नागप्पा माज्याकडं बघत राहिला. त्याला वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. मग म्हणला, सोजरबाई... शांत झाली म्हंजे... आन् बोट वर केलं. मग म्होरं वाचायला लागला. आवाजात फरक न करता वाचत व्हता बिचारा — इथले लोक म्हणतात, गुदमरून गेली. पेटीला भोके कमी पडली असावीत. — तितं चष्मा काढला. परत लावला. परत तीच ओळ वाचली, मनात. मग माज्याकडं बघून इचारलं, भोकं कमी पडली का गं, सोजरबाई?

पयल्यांदा तवा इचारलं.

सांगायचं व्हतं तवाच. तोंड उघडलं व्हतं मी. पर काय झालं — थांबा. भोंगा. — वाजू दे. दुपारच्या पाळीचा हाय. — काय न्हाय वो, असंच हात जातोय छातीवर. सवय हाय. तुमाला लेकरू हाय का? न्हाय अजून? मग तुमाला कसं सांगू. गिरणीत अंगावर पाजणाऱ्या बाया असायच्या न्हवं, सुट्टीचा भोंगा झाला की आमची चोळी भिजायची. लेकरू घरी, आमी गिरणीच्या रीळ-खात्यात, आन् दुधाला भोंगा कळायचा. पन्नाशी उलटली माजी. अंगात काय राहिलंय? काय न्हाय. पर भोंगा झाला की हितं भरून येतंय अजून. पाळणा बी नव्हता माज्या लेकराला, लुगड्याची झोळी व्हती. मायाक्का नाव. आठ महिन्यांची. मायाक्कादेवीला बोललो व्हतो म्हणून मायाक्का. रझाकाराची धामधूम झाली त्याच्या म्होरल्या साली.

कुटं गेले मी. ते तुमाला कशाला सांगते. तुमचं कुत्र्याचं चाललंय. — बसा, बसा, म्हैस अजून आतच हाय. — केराबाई म्हणून म्हातारी व्हती चाळीत, जेऊरकडची, चाळीतली समदी पोरं तिच्याकडं असायची. दहा-बारा झोळ्या ओळीनं, आन् ती दोरी हातात धरून बसायची. तिनं मायाक्काला गोळी दिली. जास्तीची झाली. मी घरी आले तवा झोळी हलत नव्हती. चाळीनं तिला शिव्या दिल्या, माज्या मालकानं, येडूनं, तिचं गाठोडं रस्त्यावर टाकलं, ती जेऊरला निघून गेली. असंच समद्यांना ठावं हाय. असंच मीबी सांगत आले. आन् माजं मनबी असंच सांगायचं, की एका गोळीनं काय व्हत न्हाय, चाळीत किती पोरं वाढली गोळीवर. दोन झाल्या म्हणून गेली. एक जास्तीची झाली. जास्तीची ती केराबाईची.

पोरी — पोरी म्हणू का तुला? तू काय बोलत न्हाईस, नुसती बघतीस, म्हणून माजं तोंड थांबंना झालंय. दोन कशा झाल्या म्हणून इचार की. इचार. एक मी दिली व्हती. त्या दिशी सकाळी दात येत व्हते तिला, रडायची थांबंना, भोंगा व्हायला आला, उशीर झाला की जॉबर, म्हंजे आमचा मुकादम, खात्याचं दार लावून घ्यायचा. येडूनं मला सिद्धनाथाची आण घातली व्हती की पोरीला गोळी चाटवायची न्हाय. त्याच्या भावाचं पोर तसल्याच गोळीनं मंद झालं व्हतं. तर मी येडू आंघोळीला गेला तेवढ्यात चाटवली. मग तिला काखंत घिऊन केराबाईकडं गेले. येडू मागनं आला, दारातच उभा, चपला घालत. आन् केराबाईनं इचारलं. मी आजवर समद्यांना सांगितलं की तिनं इचारलंच न्हाय. तिनं इचारलं, पोरी. झोळीत ठेवता ठेवता इचारलं — सोजर, शांत केलीया का हिला?

येडू मागं उभा. मी म्हणले, न्हाय.

एवढंच. 'न्हाय' म्हणायला किती येळ लागतोय? आन् भोंगा झाला, मी पळाले. मग म्हातारीनं काय करावं? तिनं तिच्या रीतीनं शांत केलं. तिचा काय गुन्हा? तिनं तर इचारून दिली. तिचं गाठोडं रस्त्यात पडलं, वाटीतलं धान्य सांडलं, ती एकेक दाणा येचत माज्याकडं बघत व्हती. तिला ठावं व्हतं, पोरी. तिनं माजं लेकरू हातात घेतलं तवा ते किती जड व्हतं, ते तिला कळलं असणार. गोळीचं लेकरू जड लागतंय. पर ती बोलली न्हाय आन् मी बोलले न्हाय.

आन् तरी मी जगले बघ. जेवले, काम केलं, येडू मेला त्याला रडले. कशाच्या जिवावर? तर अर्धं अर्धं करून. अर्धं मी, अर्धं केराबाईनं. एका गोळीनं कोण मरत न्हाय — हे मी पंचवीस वर्सं उशाशी घिऊन निजले. मग त्या दिशी जिपशीला बोट चाटवलं. का चाटवलं म्हणून तू मनात म्हणत असशील. स्वताचं लेकरू गेलं तसल्याच गोळीनं, तरी हिनं कुत्रीला दिली? कागदात लिहिलं व्हतं म्हणून दिली, ती सोडून जातील म्हणून दिली, हे खरंच हाय. आन् — आन् एक गोळी देऊन बघायची व्हती मला. एकच. कणभर. ती दिल्लीला उतरून शेपूट हलवंल, आन् मला कळंल की एकीनं काय व्हत न्हाय. की माज्या हातनं न्हाय झालं. — एकच दिली व्हती पोरी. दुसरी द्यायला तितं केराबाई नव्हती. कुणीच नव्हतं. मला कंपौंडर म्हणतो, हवेत वर गेल्यावर येगळं असतंय, दम लागतोय, त्याचा ह्याच्याशी संबंध न्हाय. असंल. तो शिकलेला हाय. पर ते पत्र ऐकल्यापासनं मी भांडी घासताना, झाडताना, एकच मोजते — एक माजी, एक केराबाईची. जीव जायला केराबाईची लागलीच कशाला? झोळीत ठेवतानाच लेकरू जड व्हतं.

रडू नकोस. तुजं कुत्रं घाबरतंय बघ. डोळं पूस. आन् ती पुडी घे. घे हातात. टाक ह्या सुपलीत, ह्या कचऱ्यात. मी सांगते म्हणून न्हाय, तुला पटलं असंल तर टाक. — हां. टाकलीस. झालं. आता हिला रडू दे. पेटीत रडली तर रडू दे, भुकली तर भुकू दे, नखं ओढू दे. रडतंय म्हंजे जिवंत हाय. विमानवाले तोंड वाकडं करतील, करू दे, तू हात जोड, पाया पड, पर गोळी न्हाय. शेजारणीनं इचारलं की दिलीस का, तर खरं सांग, न्हाय दिली म्हणून. तुला तर खरंच सांगायचं हाय. सोपं हाय तुला.

नागप्पाचं म्हणतीस? — व्हय. त्याला सांगायचं राहिलंय. त्यानं ते पत्र अजून दुकानात ठेवलंय, पेटीच्या मापाच्या कागदाला लावून. त्या वर्षापासनं तो भोकंच मोजतोय. पाखराचा पिंजरा करायला सांगितला तरी तळाला भोकं पाडतोय. त्याची बायको म्हणती, झोपेत बोटं फिरवत्यात हांतरुणावर, गिरमिट फिरवल्यागत. मी हितं नोकरी धरली ती साहेबांनी जाताना शब्द टाकला म्हणून, पर मनात हेच व्हतं, की हितं त्याची-माजी गाठ पडंल, पेट्या घिऊन यायचाच तो, आन् एखाद्या दिशी मी सांगंन. नागप्पा, चोवीस पुरेशी व्हती. चार शब्द. चार वर्सं झाली. दरवेळी तो इचारतो आन् माज्या मागं कुणीतरी चपला घालत उभं हाय असं वाटतंय मला. आज सांगते. तुजी आण. तुज्यासमोर सांगते, तू हायस म्हणजे मला फिरता येणार न्हाय. तू काय बोलू नकोस, नुसती बस हितं, माज्याकडं बघत. मी त्याला म्हणंन —

आला. आला बघ, सायकल लावतोय.

ये की नागप्पा. व्हय, हितंच हायत बाई. कडी आणलीस? बसव, बसव. न्हाय, घाम न्हाय, ऊन हाय म्हणून. बाईंशीच बोलत व्हते, नियम सांगत व्हते त्यास्नी. — काय? — काय म्हणलास? — व्हय, मोजली मी. साठ.

पुरतील का म्हणून मला काय इचारतोस, मला काय कळतंय त्यातलं.

— ताई, तुमचं नाव पुकारलं. जावा आत, डॉक्टरसायब थांबत न्हायत. जावा म्हणते न्हवं, असं काय बघताय माज्याकडं? कुत्रीला घ्या आन् जावा.

गिरमिट आणलंयस, नागप्पा? मग त्या कोपऱ्यात पाड की अजून दोन. जागा हाय तितं. पाड तू. मी पेटी धरते.